नव्या जलवाहिनीइतकेच बंद बोअर बुजवणे गरजेचे

महोदय,

प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेची चर्चा निघाली की धरणातला साठा, जलवाहिनीची लांबी आणि शुद्धीकरण केंद्राची क्षमता यापुढे ती सहसा जात नाही. बंद पडलेल्या बोअरचा विषय कुणी काढत नाही. पाणी आटले की मोटार आणि पाइप काढून नेतात, तोंडावर दगड ठेवतात आणि भोक तसेच राहते. भूजलाला याहून मोठा धोका क्वचितच असेल.

पावसाचे पाणी मातीतून सावकाश मुरते तेव्हा बरेचसे जिवाणू वरच्या थरांतच अडतात आणि मरतात. उघड्या बोअरमधून मात्र गोठ्याचे, गटाराचे, खत टाकलेल्या शेताचे पाणी थेट खाली उतरते आणि खडकात भेगा असतील तर जवळच्या चालू बोअरपर्यंत पोहोचते. चालू बोअरही निर्धोक नसतो. भोक त्यात बसवलेल्या केसिंगपेक्षा, म्हणजे संरक्षक पाइपपेक्षा, रुंद असते आणि मधली पोकळी बहुतेक वेळा नुसत्या मातीने भरतात. ती माती दबते, मग गढूळ पाणी पाइपाच्या कडेने आत शिरते. ही जागा सिमेंट किंवा बेंटोनाइटच्या (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीच्या) घोळानेच भरायला हवी. केसिंग जमिनीपासून निदान 30 सेंमी वर, पुराच्या भागात पूररेषेच्याही वर असावे. भोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला काँक्रीटचा ओटा करावा, झाकण घट्ट असावे आणि केबल जाते ती फटही बंद करावी. ही फट हमखास राहून जाते.

बोअर बुजवताना राडारोडा किंवा कचरा टाकणे म्हणजे दूषित पदार्थ स्वतःच्या हाताने पाण्यापर्यंत नेणे. आधी आत अडकलेले पाइप आणि दोर काढून खोली मोजावी. पाण्याच्या थरापर्यंत धुतलेली, निर्जंतुक केलेली खडी आणि त्यावर सिमेंटचा घोळ भरावा. घोळ तळापर्यंत सोडलेल्या नळीतून, खालून वर चढवत न्यावा. वरून ओतला तर हवा कोंडून पोकळ्या राहतात. 15 सेंमी व्यासाच्या भोकात दर मीटरला सुमारे 18 लिटर माल लागतो, म्हणजे 60 मीटरला साधारण 1,060 लिटर. त्याहून बराच कमी लागला तर तो मध्येच कुठेतरी अडकला आहे, असे समजावे.

पुनर्भरणाच्या नावाखाली रस्त्यावरचे पाणी जुन्या बोअरमध्ये सोडण्याची कामेही थांबली पाहिजेत. छताचे पाणी चालेल, पण पहिल्या सरी वाहून जाऊ द्याव्यात आणि नंतरचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतूनच सोडावे.

एकदा भूजलात खतातून आणि सांडपाण्यातून येणारे नायट्रेट मिसळले की क्लोरीनचा उपयोग होत नाही. पाणी उकळून तर त्याचे प्रमाण उलट वाढते, कारण पाणी वाफ होऊन उडते आणि नायट्रेट मागे राहते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी लिटरमागे 50 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना याचा धोका सर्वाधिक असतो.

नदी यापासून वेगळी नाही. कोरड्या दिवसांत अनेक नद्यांत वाहते ते भूजलच असते आणि काठावर बेसुमार उपसा झाला की नदीतली घाण उलट जमिनीत ओढली जाते. सांडपाण्यामुळे नदीत अमोनिया वाढला की त्याच्या नायट्रोजनच्या दर मिलिग्रॅममागे 8 ते 10 मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो. त्यामुळे नेहमीच्या मात्रेत क्लोरीन टाकला तरी शेवटच्या नळाला मोकळा (जंतू मारायला शिल्लक राहिलेला) क्लोरीन लिटरमागे 0.2 मिलिग्रॅमही उरत नाही.

म्हणून प्रत्येक योजनेच्या अंदाजपत्रकात परिसरातल्या बंद बोअरची मोजणी आणि ते बुजवण्याचा खर्च स्वतंत्र धरावा. स्रोताच्या आणि शेवटच्या नळाच्या पाण्याचे तपासणी अहवाल, नमुना घेतल्याच्या तारखेसह, टाकीपाशी फलकावर लावावेत. नमुन्याच्या बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी सोडियम थायोसल्फेट होते की नाही, हेही त्यावर लिहावे. ते नसेल तर वाटेतच जिवाणू मरतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो.

– भूजल विषयाचा एक अभ्यासक