थायरॉईडची गोळी आणि सकाळचा चहा

संपादक महोदय,

थायरॉईड तपासणीची शिबिरं आता गावोगाव भरतात, हे बरंच झालं. रक्त दिलं, रिपोर्ट मोबाईलवर आला, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती गिळायची कशी, हे मात्र नीट सांगितलं जात नाही. मग टीएसएच (थायरॉईडचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) खाली येत नाही, पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी पंचाहत्तरची होते, पंचाहत्तरची शंभरची. पुष्कळदा दोष डोसात नसतोच, सकाळच्या चहात असतो.

आधी ओळखण्याबद्दल थोडं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करू लागण्याचा हा आजार बायकांत पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळतो आणि येतो अगदी हळू. थकवा, अंग जड होणं, बद्धकोष्ठ, केस गळणं या एकेका तक्रारीला घरात उत्तर तयारच असतं: वय झालं, झोप झाली नाही, कामाचा ताण. तीन-चार तक्रारी एकत्र आल्या की मात्र रक्त तपासावं. काही खुणा जास्त बोलक्या असतात. मे महिन्याच्या उकाड्यातही पंख्याखाली चादर लागते, पाळीत अंगावरून जास्त जातं, आवाज घोगरा होतो, सकाळी चेहरा सुजलेला दिसतो, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात. ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर चित्र उलटं दिसतं: भरपूर खाऊनही वजन उतरतं, बसल्या जागी छाती धडधडते, हात थरथरतात, पाळी कमी होते. पन्नाशीच्या आसपासच्या बाईचा घाम आणि धडधड ‘पाळी जाण्याचं वय’ म्हणून सोडून देतात, तिथे ही एक तपासणी करायलाच हवी. बाळंतपणानंतरच्या वर्षातही तसंच. आधी काही आठवडे धडधड आणि चिडचिड, मग अपार थकवा आणि उदासपणा, आणि सगळे म्हणतात बाळ झोपू देत नाही.

गळ्याची गाठ घरीच पाहता येते. आरशासमोर हनुवटी थोडी वर करून पाण्याचा घोट घ्यावा आणि गिळताना कंठमण्याच्या खालचा भाग पाहावा. तिथे काही फुगीर दिसलं आणि ते गिळण्याबरोबर वरखाली झालं तर सोनोग्राफी करून घ्यावी. बहुतेक गाठी साध्याच निघतात, पण ते सोनोग्राफीने आणि गरज पडल्यास सुईच्या तपासणीने ठरतं, हात लावून नाही.

टीएसएचचा आकडा उलटा वाचायचा असतो, इथे फार गोंधळ होतो. हे संप्रेरक मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचं. थायरॉईड सुस्तावली की पीयूषिका तिला जास्त हाका मारते, म्हणून टीएसएच वाढतो. ‘माझा थायरॉईड वाढलाय’ म्हणणारीचा थायरॉईड बहुधा कमी झालेला असतो. साधारण ०.४ ते ४ हा आकडा ठीक. १० च्या वर असेल तर सहसा गोळी सुरू करतात. ४ ते १० च्या मधे असेल तर घाई नको. दोन-तीन महिन्यांनी फ्री टी४ (ग्रंथीचं संप्रेरक थायरॉक्सिन रक्तात किती मोकळं आहे ते) आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं) यांसह पुन्हा तपासावं, कारण मोठ्या तापातून उठल्यावरही आकडा तात्पुरता वर जातो. गरोदर किंवा मूल हवं असलेल्या बाईला हे थांबणं लागू नाही, तिने लगेच डॉक्टरांकडे जावं.

आता गोळी. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं थायरॉक्सिन, मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. ग्रंथीचं काम पुरतं बंद असेल तर दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या बाईला शंभराच्या आसपास. हृदयविकार असलेल्या किंवा वयस्क बाईला १२.५ किंवा २५ पासून चढवत नेतात. औषध इतकं थोडं की पोटात दुसरं काही असलं तर त्याचं शोषण बिघडतं. म्हणून उठल्याबरोबर, पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाड्यावर वाजायच्या आत, गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर अर्धा तास, जमल्यास तासभर, चहा नको, कॉफी नको, पाव नको. दुधाचा चहा आणि गोळी एकाच घोटात घेतली तर आजचा डोस किती लागला हे कुणीच सांगू शकत नाही.

लोह, कॅल्शियम आणि आम्लपित्ताची अँटासिड औषधं यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. ही औषधं पोटात थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि ते रक्तात जाऊ देत नाहीत. गरोदरपणी नेमकं हेच घडतं. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात आणि तिन्ही एका वाटीत काढून न्याहारीबरोबर गिळल्या जातात. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी रात्री निजताना घ्यावी, शेवटचं जेवण तीन तास आधी झालेलं असावं. उपासाच्या दिवशी ‘पोटात काही गेलं’ म्हणून गोळी चुकवणाऱ्याही पुष्कळ. तिला रिकामं पोटच लागतं, उपास तिच्या सोयीचाच.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी थांबवणं ही सर्वांत नेहमीची चूक. शरीरातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले पंधरा-वीस दिवस काहीच जाणवत नाही आणि ‘गोळीशिवायही बरं आहे’ असं वाटतं. त्रास दीड-दोन महिन्यांनी डोकं वर काढतो. याच कारणाने डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच पाहण्यात अर्थ नाही. गोळीची कंपनी बदलली तरी तेवढ्याच काळाने तपासावं. सगळं स्थिर असेल तर वर्षातून एकदा, फार तर दोनदा पुरे. आणि गोळी वजन उतरवण्याचं औषध नव्हे. जादा डोसाने हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात, पाळी गेलेल्या बायकांत तर जास्तच.

आपल्या पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. बाटली स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर किंवा न्हाणीघरात ठेवू नये. दमट हवा, ऊन आणि उष्णता या तिन्हींनी गोळीची ताकद घटते. आतली सिलिका जेलची पुडी फेकू नये, झाकण घट्ट लावावं, थंड कोरड्या कपाटात ठेवावं आणि चार-चार बाटल्या भरून ठेवू नयेत.

केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाने काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त दिसतो. तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं. फ्री टी४ काढायचं असेल तर त्या दिवसाची गोळी रक्त दिल्यावर घ्यावी.

गोळी चालू असलेल्या बाईने गरोदर असल्याचं कळताच पुढच्या भेटीची वाट पाहू नये. पहिले काही महिने बाळाची सगळी मदार आईच्या थायरॉक्सिनवर असते, आणि डोस साधारण पाव ते तृतीयांश वाढवावा लागतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहतात. ग्रंथी जास्त चालते म्हणून कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: ताप आणि घसादुखी एकत्र आली तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्यात. हे औषध क्वचित त्या पेशी धोकादायक कमी करतं.

मिठाबद्दलही बोलतो. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, आणि घरात पोचलेल्या आयोडीनयुक्त मिठात निदान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असावं असा नियम आहे. आगरवाड्याच्या किंवा हडफड्याच्या मिठागरातलं जाड मीठ चवीला उत्तम, पण त्यात वरून आयोडीन घातलेलं नसतं. लोणच्याला, खारातल्या तोरांना (कैऱ्यांना) ते वापरावं, रोजच्या जेवणाला आयोडीनचं मीठ बंद डब्यातलं. मात्र ज्यांच्या शरीरानेच ग्रंथीवर हल्ला केलेला असतो त्यांना जादा आयोडीन उपयोगाचं नाही. समुद्री शेवाळाच्या कॅप्सुलांनी उलट बिघडतं. शिजवलेला कोबी-फ्लॉवर बंद करायचीही गरज नाही, तो बिचारा उगाच बदनाम झाला.

दोन मागण्या. फार्मसीने थायरॉक्सिनच्या प्रत्येक बाटलीवर मराठी-कोकणीत चिठ्ठी चिकटवावी: सकाळी रिकाम्या पोटी, चहाआधी अर्धा तास, लोह-कॅल्शियम चार तासांनी, आपल्या मनाने बंद करू नये. आणि रक्त घेणाऱ्या लॅबने फॉर्मवर तीन प्रश्न छापावेत: गरोदर आहात का, बायोटिन घेता का, आजची गोळी घेतली का.

एक फार्मासिस्ट, फोंडा