पल्लवी, चौदा तारखेच्या आधी एवढं वाच

प्रिय पल्लवी,

व्हॉट्सॲपवर एवढं लांब लिहिलं की सुहास अंगठा टाकून मोकळा होतो म्हणून ईमेल करतेय, आणि तुलाच करतेय, कारण बाबांचं उठण्यापासून झोपण्यापर्यंत सगळं तूच बघतेस. माझा भाऊ घरात असतो म्हणजे नुसता असतो. त्याला वाचायला दिलंस तरी चालेल.

चौदा तारखेला बाबांना पुन्हा मेमरीच्या डॉक्टरांकडे न्यायचंय, आणि मागच्या वेळी मी व्हिडिओ कॉलवर होते ना, ते काही डोक्यातून जात नाही. डॉक्टरांनी विचारलं, काय आजोबा, कसं चाललंय, आणि बाबांनी पानशेतचा पूर सुरू केला. १२ जुलै १९६१, नारायण पेठेतलं घर, लकडी पुलावरून पाणी, आजीने दुधाचं पातेलं तेवढं उचललं आणि सगळे पर्वतीकडे पळाले, एक शब्द इकडचा तिकडे नाही. डॉक्टर खूश, सुहास खूश, मेमरी तर चांगलीय की, गोळी तीच चालू ठेवा, सहा महिन्यांनी या. आणि त्याच सकाळी पोहे खाऊन दहा मिनिटं झाली नाहीत तर बाबा तुला म्हणाले होते की या घरात म्हाताऱ्याला खायला द्यायची पद्धत आहे की नाही. हे तिथे कुणी बोललंच नाही. तू तरी कशी बोलणार, ते शेजारी बसलेले, सासऱ्यांच्या तोंडावर त्यांचं गाऱ्हाणं कसं सांगायचं.

या विसरण्याच्या आजारात, डिमेन्शियात, नवीन आधी जातं आणि जुनं खूप दिवस टिकतं, त्यामुळे तेरा वर्षांचे असतानाचा पूर त्यांना दिसतो आणि सकाळचे पोहे दिसत नाहीत. शिवाय बाहेरच्या माणसासमोर पंधरा मिनिटं ते स्वतःला बरोबर सावरून धरतात. इथे लेस्टरला माझ्या शेजारच्या गुजराती बेन आहेत, त्यांच्या मिस्टरांचं तेच, डॉक्टरसमोर हिरो आणि घरी आले की दोन दिवस चिडचिड. त्यांच्याबरोबर मी दोनदा मेमरी क्लिनिकला गेले. तिथे नर्सने बेनना वेगळ्या खोलीत नेऊन अर्धा तास फक्त त्यांनाच विचारलं. आपल्याकडे बाहेर चाळीस जण ताटकळलेले, कोण नेणार वेगळ्या खोलीत, म्हणून आपण कागदावर न्यायचं. एकच पान, फाईलला वरून टाचणी लाव आणि रिसेप्शनवर सांग की हे डॉक्टरांनी बाबांना आत बोलवायच्या आधी वाचावं.

त्यात "हल्ली फार विसरतात" असं लिहू नकोस, त्यातून काही कळत नाही. तू मला फोनवर सांगितलंस ना, मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला शर्ट इन करून डबा मागितला, खडकीच्या फॅक्टरीचा भोंगा झाला म्हणाले, दार अडवलं तर हात उगारला, वीस मिनिटांनी शांत झाले, त्या दिवशी दुपारी झोपले नव्हते. अस्संच लिही. किती वाजता, किती वेळ, त्याआधी काय झालं होतं. कॅलेंडरच्या पानावर रोज एक ओळ टाकलीस तरी पुरे, चौदा तारखेला त्यातल्या चार-पाच उतरव. आणि जे विचारायचंय ते अगदी वर, तीनच प्रश्न, कारण चौथ्यापर्यंत पुढचा पेशंट दारात आलेला असतो.

गोळ्यांची नावं लिहीत बसू नकोस, सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून ने. सगळ्या म्हणजे चूर्ण, काढा, आणि जोशीकाकांनी झोपेसाठी दिलेली ती पांढरी गोळी पण. सर्दीच्या, खाजेच्या ज्या जुन्या गोळ्यांनी गुंगी येते त्यांनी या पेशंटचा गोंधळ वाढतो, लघवी आवरायच्या काही गोळ्यांनीसुद्धा. डोनेपेझिलमुळे, म्हणजे त्या मेमरीच्या गोळीमुळे, पोट बिघडतंय का, चक्कर येते का, नाडी मंद झालीय का ते आठवून लिही. आणि ती भयंकर स्वप्नं, गोळी रात्रीऐवजी सकाळी दिली तर चालेल का विचार. बी १२ आणि थायरॉईडचे रिपोर्ट लोखंडी कपाटात निळ्या फाईलमध्ये आहेत, मीच ठेवलेत.

आता सुहासबद्दल. गेल्या वेळी नळस्टॉपच्या ट्रॅफिकमध्ये त्याने रिक्षात बाबांची उजळणी घेतली, आज वार कोणता, साल कोणतं, दहावीच्या पोरासारखी! अरे डॉक्टर घेतात ती मेमरीची तीस मार्कांची परीक्षा नापास व्हायला घाबरायची नसते, पाठ करून गेलं तर डॉक्टरांनाच चुकीचं दिसणार. घड्याळाचं चित्र काढताना काटे चुकले तर चुकू दे, त्याने मध्ये बोलायचं नाही. त्याला कामच हवं असेल तर शेवटी बाबांना घेऊन बाहेर बसू दे आणि तू पाच मिनिटं आत थांब. तेव्हा तुझंही सांग, रात्री किती वेळा उठतेस, कंबर कशी धरते. हे सांगणं म्हणजे तक्रार नव्हे, त्यावर रात्रीच्या औषधाचं ठरतं.

बाबांना आदल्या दिवशी सांगू नकोस, रात्रभर पिशवी भरत बसतील. निघायच्या अर्धा तास आधी बीपी दाखवायला जायचंय म्हण, तेवढं काही खोटं नाही, बीपी बघतातच. चष्मा, आणि कानाच्या मशीनला नवा सेल. ऐकू आलं नाही की ते नुसतं हसून हो म्हणतात, आणि डॉक्टरांना वाटतं समजलं.

एक मात्र लक्षात ठेव. एक-दोन दिवसांत एकदम बिघडले, माणसं ओळखेनात, भास व्हायला लागले किंवा नुसतेच गुंगीत पडून राहिले, तर चौदा तारखेची वाट बघायची नाही, लगेच दाखवायचं. आजार असा रात्रीत वाढत नाही सहसा, युरीन इन्फेक्शन असतं, पाणी कमी पडलेलं असतं, कधी सोडियम उतरलेलं असतं, नाहीतर पोट साफ नसतं.

साडेअकराची अपॉइंटमेंट म्हणजे माझे सकाळचे सहा. मी उठलेली असेन, पण या वेळी व्हिडिओ नको, मागच्या वेळी बाबा मला टीव्हीवरची बाई समजून नमस्कार करत होते. बाहेर आलात की एक मिस्ड कॉल दे, मी करते फोन.

तुझी,
ताई