ओठावर व्रण असलेला माणूस

लिमा, पेरू

प्रिय दिन्या,

परवा फोनवर पेरूतल्या जुन्या मातीच्या डोक्यांबद्दल तू विचारलंस, "ही तोंडं खऱ्या माणसांची, की कुंभाराच्या मनातली?" तेव्हा घाईत होतो. दोन वाक्यांत उरकावा असा हा प्रश्न नाहीच, म्हणून आता निवांत लिहितोय.

इथलं लार्को संग्रहालय राफाएल लार्को ओइले यांनी १९२६ साली सुरू केलं. त्यांचं कोठारसुद्धा लोकांना बघू देतात. भिंतभर काचेची कपाटं, आणि त्यांत मातीची माणसं रांगेने बसलेली. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण इ.स. १०० ते ८०० या काळात नांदलेल्या मोचे लोकांनी ती केली. प्रत्येक डोकं म्हणजे पोकळ सुरई, वर रिकिबीसारखी वळवलेली नळी. पण नळीकडे लक्षच जात नाही रे! एकाचे गाल बसलेत, एकाचा डोळा गेलाय, एकाचं तोंड लकव्याने वाकडं झालंय, आणि एक जण चक्क गालातल्या गालात हसतोय.

कुंभाराचं चाक त्यांच्याकडे नव्हतं. आधी भरीव डोकं घडवायचं, त्यावरून पुढचा आणि मागचा असा दोन भागांचा साचा काढून भाजायचा, मग आत बोटांनी माती दाबायची आणि दोन्ही अर्धी सांधायची. एका साच्यातून अनेक डोकी निघत, रंग मात्र निराळे. पेणला तुझ्या कारखान्यात एकाच साच्यातले दोन गणपती आखणी झाल्यावर किती वेगळे दिसतात, ते तुला मी काय सांगणार!

क्रिस्टोफर डॉनन नावाच्या अमेरिकी पुरातत्त्वज्ञाने अशी शेकडो डोकी एकमेकांशी ताडून पाहिली. त्यात त्याला एक माणूस पुन्हा पुन्हा भेटला, वरच्या ओठावर व्रण असलेला. त्याची चाळीसहून अधिक डोकी आहेत. कुठे तो दहाएक वर्षांचा पोरगा, कुठे तिशी ओलांडलेला भारदस्त पुरुष. काही ओळखीचे चेहरे डॉननला बंदिवानांच्या रूपातही दिसले: गळ्यात दोर, कानांतली भूषणं काढून घेतलेली, अंगावर वस्त्र नाही.

ही खऱ्या, ठरावीक माणसांची तोंडं आहेत, हे डॉननचं म्हणणं मला पटतं. नुसता रुबाबदार पुरुष दाखवायचा असता, तर कुणी त्याचा ओठ कशाला चिरला असता? तरी एक गोष्ट टोचत राहते. यातली पुष्कळ भांडी थडगी लुटणाऱ्यांच्या हातून बाजारात आली. कुठलं भांडं कुणाच्या उशाशी होतं, हे आता कळायला मार्ग नाही. मोच्यांना लिपी नव्हती, त्यामुळे कुठे नावही नाही. त्या पोराचा पुरुष झाला, असं आपल्याला सांगणारा शेवटी आपलाच डोळा.

आणि बायका कुठे आहेत? ही डोकी जवळजवळ सगळी पुरुषांचीच. पण २००६ च्या सुमारास त्याच किनाऱ्यावरच्या एल ब्रुखो इथे एका तरुण मोचे स्त्रीचा देह मिळाला. हातांवर साप आणि कोळी गोंदलेले, सोबत नाकातले मौल्यवान दागिने आणि चक्क युद्धातल्या गदा. बाईला एवढा मान देणाऱ्या समाजात स्त्रीचा चेहरा घडवावासा का वाटला नसेल? कुंभाराने सुरकुती न् सुरकुती खरी काढली असेलही, पण कुणाचा चेहरा मातीत यावा हे कुणीतरी ठरवत होतं. म्हणून 'हुबेहूब' आहे म्हणजे ती 'नोंद' आहे, असं मी मानत नाही.

उलटंही घडलंय. मोच्यांच्या भांड्यांवर सुळे असलेले देव, पक्ष्याच्या तोंडाचे पुरोहित आणि बंदिवानांच्या रक्ताचा पेला अशी चित्रं आहेत. ही पुराणकथाच वाटावी. पण १९८७ मध्ये पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांना सिपान इथे एका अधिपतीची कबर सापडली, आणि चित्रातल्या मुख्य पात्राचा साज त्याच्या अंगावर होता! पुढे वाका दे ला लूना या मोचे मंदिराच्या आवारात बळी दिलेल्या पुरुषांची हाडंही मिळाली. जे निव्वळ कल्पनेतलं वाटलं, ते तिथे माणसं खरोखर करत होती.

सोबत त्या ओठाचे जवळून काढलेले फोटो पाठवतोय. कडा नीट बघ आणि सांग, व्रण साच्यातूनच आलाय, की माती ओली असताना कुणी हाताने कोरलाय? कोरलेला असेल, तर तोच साचा व्रणाशिवाय दुसऱ्या कुणासाठीही वापरता आला असता. मग डॉननच्या मांडणीकडे मला पुन्हा बघावं लागेल. यात तुझ्या नजरेवर माझा जास्त भरवसा आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मोहन