ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असे नव्हे

संपादक महोदय,

‘दोन दिवस दाढ ठणकत होती, आता थांबली, मग कशाला जायचं डॉक्टरकडे?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि बहुतेक वेळा दवाखान्याची फेरी टळते. दातांच्या बाबतीत याच समजुतीने सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून हे पत्र.

दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातला सर्वांत कठीण भाग. त्यात नस नसते. त्यामुळे कीड त्यातून आत शिरत असताना काहीच कळत नाही. ती खालच्या डेंटिन या थरापर्यंत पोचली की गार पाण्याने झिणझिण्या येतात, पण घोट गिळला की कळ जाते. या टप्प्यावर दाढ बहुधा एकाच बैठकीत भरून होते. पुढचा टप्पा वेगळा. गार लागल्यावर कळ बराच वेळ रेंगाळते, गरमाने वाढते, आडवे झाले की डोके वर काढते, झोपेतून उठवते. आतला पल्प, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा, सुजला आहे आणि चहूबाजूंच्या कठीण भिंतींमुळे सुजेला फुगायला जागा नाही. मग एके दिवशी सारे शांत होते. नस मेलेली असते, जंतू मात्र आतच असतात. मुळाच्या टोकातून ते जबड्याच्या हाडात उतरतात. काही आठवड्यांनी, कधी काही वर्षांनी, दाढ उंच झाल्यासारखी चावताना आधी लागते किंवा हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते. पुटकुळी फुटली की पुन्हा बरे वाटते, आणि पुन्हा तीच चूक होते.

अशा दुखण्यावर परस्पर अँटिबायोटिक घेण्यात अर्थ नाही. मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, तर औषध कसे पोचेल? गाल सुजला, ताप आला तर डॉक्टर ते देतात, पण जोडीला; मूळ काम दाढ आतून साफ करणे, म्हणजे रूट कॅनल, हेच. सूज मानेकडे पसरत असेल, तोंड उघडेनासे झाले किंवा गिळताना-श्वास घेताना त्रास होऊ लागला तर दवाखाना उघडायची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुखऱ्या दाढेशी ॲस्पिरिनची गोळी दाबून धरण्याचा एक उद्योग लोक करतात. त्याने हिरडी आणि गाल आतून पांढरे पडून भाजतात, दाढ ठणकतच राहते.

रूट कॅनलबद्दल धास्ती फार आणि माहिती थोडी. आधी दाढ बधिर करतात. थुंकी आत जाऊ नये म्हणून रबराचा पडदा लावतात. तो लावणारे डॉक्टर काम काळजीने करतात असे खुशाल समजावे. मग दाढेच्या माथ्यावर छिद्र पाडून मुळांतल्या बारीक नळ्या शोधतात, त्यांची लांबी यंत्राने आणि एक्स-रेने मोजतात, फाइल नावाच्या सुईसारख्या हत्यारांनी नळ्या घासून रुंद करतात आणि सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाने पुन्हा पुन्हा धुतात. खरी सफाई या धुण्याने होते, कारण फाइल प्रत्येक कोपऱ्यात पोचत नाही. शेवटी गट्टापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरून नळ्या बंद करतात. काम फसते त्याची कारणे ठरलेली: एखादी नळी सापडतच नाही (वरच्या पहिल्या दाढेला मुळे तीन, पण नळ्या बहुधा चार), भरण टोकापर्यंत पोचत नाही, किंवा वरचे तात्पुरते सिमेंट झिजून थुंकी पुन्हा आत झिरपते. हे शेवटचे कारण रुग्णाच्या हातात असते. दुखणे थांबले म्हणून दाढेवर कॅप, म्हणजे कठीण टोपण, बसवणे महिनोन्‌महिने लांबवले जाते. किडीने आणि छिद्राने आधीच पोखरलेली दाढ मग चावताना उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की ती दाढ वाचवता येत नाही, काढावीच लागते.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांना सांगितलीच जात नाही. साधारण सहाव्या वर्षी, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळत नाही, आणि किडली तरी ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते. जन्मभर पुरायची असते. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस आत जात नाही. म्हणून दाढ पुरती वर आली की त्या खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवून घ्याव्यात. दात कोरावा लागत नाही, सुई नाही.

दुधाच्या दातांचीही हेळसांड नको. शेवटच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या लवकर काढल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि खालच्या कायमच्या दाताची जागा जाते; काढाव्याच लागल्या तर जागा राखणारी तार बसवून घ्यावी. लहान मुलाचा वरचा ओठ महिन्यातून एकदा उचलून उजेडात पाहा. पटाशीच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची सुरुवात असते. या अवस्थेत फ्लोराइड लावून ती थांबवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर दात भरावाच लागतो. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलांत हा पट्टा हमखास सापडतो, कारण झोपेत लाळ कमी सुटते.

ब्रशविषयी थोडक्यात. केस मऊ हवेत, हिरडीकडे साधारण ४५ अंशांत तिरके धरावेत आणि जागच्या जागी हलके थरथरवावेत. एकूण दोन मिनिटे. करवतीसारखे आडवे घासल्याने मुळाशी खाचा पडतात. पेस्ट तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि त्यात फ्लोराइड किमान १००० पीपीएम असावे. नळीवर आकडा छापलेला असतो. शेवटी फेस थुंकून टाकावा, पण खळखळून चुळा भरू नयेत. भरल्या तर फ्लोराइड धुऊन जाते. दातांच्या फटी ब्रशने साफ होत नाहीत, तिथे फ्लॉसचा दोरा किंवा फटीतला छोटा ब्रश लागतो. हिरडीतून रक्त येते म्हणून त्या जागी घासणे सोडणे म्हणजे उलटा उपाय. रक्त तिथे साचलेल्या थरामुळे येते.

‘स्केलिंगने (दातांवर साचलेले कडक किटण काढण्याने) दात हलतात’ हा समज काही जात नाही. दात आधीच सैल झालेले असतात, किटणाने त्यांना धरून ठेवलेले असते. किटण निघाले की फटी उघड्या पडतात आणि काही दिवस गार लागते, एवढेच.

दाढ काढल्यावर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा. पहिले २४ तास जोरात थुंकणे, चुळा भरणे, स्ट्रॉने ओढणे टाळावे. धूम्रपान तर अनेक दिवस नको. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडे पडते आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत कळ जाते. मग पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन खड्डा धुऊन औषध भरून घ्यावे लागते.

खेळताना कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मुळाला न शिवता माथ्याकडून धरावा, माती लागली असेल तर क्षणभर पाण्याखाली धरून, न घासता, जागच्या जागी बसवावा आणि रुमाल चावून धरायला सांगावे. जमले नाही तर दुधात बुडवून लगेच दवाखान्यात न्यावे. पहिला अर्धा तास मोलाचा. कोरड्या कागदात गुंडाळून आणलेला दात सहसा जगत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, खालच्या कायमच्या दाताला इजा होते.

घरातल्या ज्येष्ठांची अडचण निराळी. रक्तदाबाच्या आणि मनाच्या आजारांवरच्या अनेक गोळ्यांनी तोंड कोरडे पडते आणि उघड्या पडलेल्या मुळांना हिरडीलगत झपाट्याने कीड लागते. दाढ काढायला जाताना सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, आणि हाडांच्या ठिसूळपणावरचे इंजेक्शन चालू असेल तर ते न विचारता सांगावे, कारण त्यामुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही. कवळी रात्री काढून गार पाण्यात ठेवावी, उकळत्या पाण्यात टाकली तर वाकते. ती पेस्टने नव्हे, साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने घासावी, आणि खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते, म्हणून कवळी काही वर्षांनी सैल होतेच. ती घरी कानशीने घासण्यापेक्षा डॉक्टरांकडून आतला थर नव्याने चढवून घ्यावा. प्रत्येक वेळी नवी करावी लागत नाही.

आपला,
एक दंतवैद्य