तळमजल्यावर कॅफे येण्याआधी खांब तपासा

संपादक महोदय,

समुद्रालगतच्या शांत उपनगरांत तळमजल्यावरची घरे जाऊन कॅफे येत आहेत आणि वरची घरे दिवसाच्या भाड्याने पर्यटकांना दिली जात आहेत. भाडी वाढली, जुने भाडेकरू बाहेर पडले, यावर बरेच बोलले जाते. या बदलाने इमारतीच्या खांबांवर काय बेतते, ते मात्र कुणी विचारत नाही.

खाऱ्या हवेतले क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, काँक्रीटमधून हळूहळू सळईपर्यंत पोहोचते आणि तिला गंज चढवते. आता किनारी बांधकामात सळईवर ४५ ते ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, ठेवतात. जुन्या इमारतींत ते अनेकदा २० मिलिमीटरही भरत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे काँक्रीट आतून फुटते आणि सळईच्या रेषेत सरळ भेग उमटते. अशा खांबालगतची भिंत दर्शनी काचेसाठी पाडली, पाटीचे अँकर तुळईत ठोकले, वर एसीचे पाणी ठिबकत राहिले, की धोका कितीतरी वाढतो. वरून गिलावा आणि रंग चढला की भेग दिसेनाशी होते. सळई गंजतच राहते. नुसते ठिगळ लावल्यास त्याच्या कडेच्या जुन्या काँक्रीटमध्ये गंज उलट जोर धरतो. दुरुस्ती करायची तर सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडून, गंज पूर्ण खरवडून, सळई झिजली असेल तर जोडीला नवी देऊनच करावी.

तोडफोडीआधी हाफ-सेल चाचणी, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजून गंजाचा अंदाज घेणारी चाचणी, करून घ्यावी. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने घेतलेले वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले, तर तिथली सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाने काँक्रीट गुलाबी झाले म्हणून किनाऱ्यावर निर्धास्त राहू नये. त्यातून फक्त काँक्रीटची अल्कता कळते. क्लोराइड वेगळे तपासावे लागते.

ड्रेनेजचे दुखणेही तितकेच खरे. घरगुती वापराच्या पाइपात कॅफेच्या स्वयंपाकघराचे गरम तेल-तूप ओतले की ते पुढे जाऊन थिजते आणि सांडपाणी तळमजल्यावरच्या शेजाऱ्याच्या मोरीतून वर येते. कढत पाणी ओतल्याने तुंबा फक्त पुढे सरकतो. सिंकनंतर लगेच ग्रीस ट्रॅप, म्हणजे तेल अडवणारी टाकी, हवा आणि त्यातला तेलाचा थर व तळाचा गाळ मिळून खोलीच्या चौथ्या हिश्श्याला पोहोचण्याआधी तो उपसायला हवा. धुराचा पाइप गच्चीच्या वर न्यावा, इमारतीच्या डक्टमध्ये सोडू नये.

पर्यटकांची घरे मधले दिवस बंद असतात, त्यामुळे न्हाणीघरातली गळती खालच्याच्या छतावर डाग पडेपर्यंत कळत नाही.

भाडे एका मालकाला मिळते, दुरुस्तीचा खर्च मात्र सगळ्यांच्या माथी येतो. म्हणून चाचण्यांचा अहवाल, ट्रॅप उपसल्याची नोंद आणि दुरुस्तीसाठी वेगळी अनामत या तीन अटी सोसायटीने ना-हरकत दाखल्यातच लिहून घ्याव्यात. परवाना देणाऱ्या कार्यालयानेही हा अहवाल पाहिल्याशिवाय भिंतीला हात लावू देऊ नये.

आपले,
किनारी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करणारे स्थापत्य अभियंते