कानतुटका कप

चि. भाऊ यास,
आबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आबा, फाशी देणारा माणूस घरी जाऊन जेवत असेल का?" तुरुंगाच्या नोकरीत लागून तुला तीनच महिने झालेत. तुझा आवाज ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. बोलताना जमलं नाही, म्हणून लिहितो.

जर्मनीत होफ गावी 1553 साली हाइनरिश श्मिट नावाचा एक साधा माणूस राहायचा. रानात लाकडं तोडायची, पाखरं धरायची, हा त्याचा धंदा. तिथल्या सत्ताधीशाला तिघा बंदूक बनवणाऱ्यांचा संशय आला. त्याने गर्दीतून हाइनरिशलाच पुढे काढलं. या तिघांना लटकव, नाहीतर तुला आणि तुझ्या शेजारच्या दोघांना लटकवतो! त्याने लटकवलं. त्यानंतर गावाने त्याला वाळीत टाकलं. ती गर्दी, भाऊ, तीच त्याला वाळीत टाकणारी.

त्याच्या मुलाला, फ्रान्झला, दुसरा धंदा मिळेना. न्यूरेंबर्ग शहरात त्याने जवळपास 40 वर्षं जल्लादाचं काम केलं, साडेतीनशेहून जास्त माणसं मारली, आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. पण तो हाडंही बसवायचा, जखमा बांधायचा. ज्याच्या पंगतीला कुणी बसत नव्हतं, त्याच्याच दारात लोक मोडका हात घेऊन यायचे. असे 15,000 जण बरे केल्याचं त्याने बादशहाला अर्जात लिहिलं. 1624 मध्ये घराण्याला इज्जत परत मिळाली. बापाच्या एका दिवसानंतर 71 वर्षांनी.

पॅरिसचं सॅन्सन घराणं तर सहा पिढ्या याच कामात अडकलं. 1793 मध्ये आपल्याच राजाचं डोकं उडवायची पाळी त्यांच्यातल्या एकावर आली.

आता आपल्या घरातलं सांगतो, कधी सांगितलं नव्हतं. मी लहान असताना तालुक्याच्या दवाखान्यात मढी चिरणारा एक माणूस होता. सरकारी काम, डॉक्टर सांगेल तसं करायचा. उन्हाळ्यात तो आपल्या ओट्याखाली टेकायचा. त्याच्यासाठी वळचणीला एक कानतुटका कप खोचलेला असे. चहा मी ओतायचो, वरून, कपाला किटली लागू न देता. तो कप स्वतः विसळून परत खोचून ठेवायचा. एकदा माझा हात हलला, चहा त्याच्या बोटांवर सांडला. तो "राहू दे बापू" एवढंच म्हणाला. मी आत पळून हात धुतले.

आपल्या राज्यात फाशी येरवड्याला नाहीतर नागपूरला होते. 2012 मध्ये येरवड्यात कसाबला फाशी दिली, तेव्हा खटका ओढणाऱ्याचं नाव गुप्तच ठेवलं. का ठेवलं असेल, ते मला त्या कपावरून कळतं.

तुझ्यावर तशी पाळी येऊ नये, असंच मागतो. आली, तर आधी मला फोन कर, रात्रीचे दोन वाजले असले तरी. मग रजा टाकून सरळ घरी ये. माय कळण्याची भाकरी आणि भरीत करेल. आपण दोघं एकाच ताटात जेवू.

तुझा,
आबा