बोटीचा तळ जुलैत नव्हे, मे महिन्यात रंगवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपत आली की कोकणातल्या बंदरांत रंगाच्या डब्यांची झाकणे उघडतात. मांडवा-अलिबागकडच्या हौशी नौकांचे, म्हणजे यॉटचे, वेळापत्रकही हल्ली त्याच चालीवर चालते. हवेत ओल, तळाला ओल, वर सर येण्याची धास्ती, आणि अशात महागडा अँटिफाउलिंग रंग, म्हणजे तळावर शेवाळ-कवचांची वाढ रोखणारा रंग, घाईघाईने फासला जातो. दिवाळीनंतर तो पापुद्रे धरून सुटू लागतो. मग दुकानदाराला आणि कंपनीला शिव्या बसतात. डब्यातला माल बहुतेक वेळा ठीकच असतो, लावण्याची वेळ चुकलेली असते.

आपल्या किनाऱ्यालगतचे पाणी बाराही महिने उबदार असते, त्यामुळे थंड देशांतल्यासारखी वाढीला विश्रांती मिळत नाही. स्वच्छ तळ पाण्यात गेला की काही तासांत त्यावर सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर बसतो. त्या थरावर बार्नेकलची, म्हणजे खडकांना-बोटींना चिकटणाऱ्या कवचवाल्या जिवाची, अळी जागा शोधत फिरते, पसंत पडली की सिमेंटसारखा डिंक सोडून कायमची चिकटते आणि भोवती चुन्याचे कवच उभारते. मागोमाग शेवाळ, नळीतले किडे, कालवे येतात. चालत्या बोटीवर अळीला पाय रोवणे अवघड जाते. म्हणून आठवडा-आठवडा नांगरावर उभी असलेली यॉट रोज धंद्यावर जाणाऱ्या ट्रॉलरपेक्षा लवकर घाण होते. यॉटमालकांना हे पटायला वेळ लागतो.

नुसत्या बुळबुळीतपणाने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी एक हिशेब. अमेरिकी नौदलाच्या फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेच्या तळाचा अभ्यास करून संशोधक मायकेल शुल्ट्झ यांनी २००७ मध्ये मांडले की १५ नॉट वेग राखायला जाड बुळबुळीत थरामुळे सुमारे २१ टक्के जादा शक्ती लागते, आणि कवचांची दाट वाढ असेल तर ८६ टक्क्यांपर्यंत. आपली बोट फ्रिगेट नाही, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण इंजिन पूर्ण फेऱ्यांना पोहोचेनासे झाले, धूर काळा येऊ लागला, पाण्याचे तापमान चढू लागले, की आधी तळ आणि पंखा (प्रोपेलर) पाहावा, मग फिटर बोलवावा.

आता वेळेविषयी. रंग धरायला पृष्ठभाग कोरडा हवा, हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी आणि तळाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान ३ अंशांनी जास्त हवे. कोकणात जुलैत या तिन्ही गोष्टी एकत्र जुळणे दुर्मीळ. मे महिन्यात त्या रोज जुळतात. यॉटला मासेमारीबंदीशी काही देणेघेणे नाही. ती मेच्या मध्यावर वर काढावी आणि पावसाच्या आत तळाचे काम उरकावे. भर दुपारी मात्र ब्रश हातात घेऊ नये. तापलेल्या तळावर रंगातले द्रावण उडून जाते, ब्रश ओढला जातो आणि थर नीट जुळत नाही. सकाळी दव सुकल्यावर ११ पर्यंत आणि संध्याकाळी ४ नंतर, हीच वेळ.

बोट पाण्याबाहेर आली की चहासुद्धा नंतर. ओली वाढ प्रेशरच्या पाण्याने आणि खरवडायच्या पत्र्याने निघते. तीच दोन तास उन्हात वाळली की कवचाचे बूड तळाला असे धरते की पत्रा तुटेल पण ते निघणार नाही. पत्र्याचे कोपरे आधी कानशीने गोल करून घ्यावेत, नाहीतर फायबरच्या जेलकोटला (वरच्या गुळगुळीत थराला) चरे पडतात आणि पुढे त्यांतून पाणी मुरून फोड येतात. राहिलेल्या पांढऱ्या चकत्या पॉलिशपेपरने घासाव्यात. पेपर ८० नंबरचा आणि पाणी मारतच. जुन्या रंगात तांबे आणि इतर विषारी द्रव्ये असतात, सुके घासले की ती थेट छातीत जातात. मास्क, चष्मा आणि हातमोजे लागतातच. जुना रंग घट्ट असेल तर तो खरवडून फायबरपर्यंत जायची गरज नाही. सुटलेला तेवढा काढायचा आणि कडा उतरत्या करायच्या.

उघड्या पडलेल्या फायबरवर किंवा लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर. इथे एक बारकावा सर्वांत जास्त चुकतो. अँटिफाउलिंगचा पहिला हात प्रायमर पूर्ण वाळण्याआधी द्यायचा असतो: अंगठा दाबल्यावर ठसा उमटावा, पण बोटाला रंग लागू नये, त्या वेळी. रात्र उलटली तर इपॉक्सी कडक होते आणि वरचा थर नुसता बसून राहतो, धरत नाही. वेळ गेलीच तर प्रायमर पुन्हा घासून खरखरीत करावा, दुसरा उपाय नाही. ॲल्युमिनियमच्या तळावर किंवा आउटबोर्डच्या (बोटीबाहेर टांगलेल्या इंजिनाच्या) पायावर क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे नेहमीचा तांबेयुक्त रंग लावू नये. खाऱ्या पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनियम यांची जोडी जमली की ॲल्युमिनियम सडते. त्यासाठी वेगळा रंग मिळतो, तो मागून घ्यावा.

रंग किती लागेल, याचा अंदाज घरी बसून काढता येतो. रुंदी आणि डुबाव (बोट पाण्यात किती खोल बुडते ते) यांची बेरीज करून तिला पाण्याच्या रेषेवरच्या लांबीने गुणायचे. मध्यम वजनाच्या शिडाच्या यॉटला त्याचे पाऊणपट, हलक्या आणि अरुंद कीलच्या (तळाखालच्या कण्याच्या) यॉटला निम्मे. लांबी ८ मीटर, रुंदी ३, डुबाव १.६ असेल तर ३६.८ चे पाऊणपट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. एका लिटरमध्ये एका हाताला साधारण ८ चौरस मीटर धरले तर दोन हातांना ७ लिटर. शिवाय पाण्याची रेषा, नाळ (बोटीचे पुढचे टोक), कीलची पुढची धार आणि सुकाणू इथे तिसरा हात, कारण पाण्याचा मार तिथे जास्त. तो धरून ८ लिटर. हीच बोट पाच लिटरांत ‘बसवून’ देणारे कारागीर आहेत. ती जानेवारीतच उघडी पडते. तांबे डब्याच्या तळाशी बसते, म्हणून काठीने तळ खरवडून दहा मिनिटे ढवळावे. थिनर कंपनीचाच आणि डब्यावर लिहिले असेल तेवढाच. रॉकेल किंवा डिझेल घालून रंग पुरवणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे, आणि इथे ते शब्दशः घडते. पहिला हात लाल आणि वरचा निळा असा वेगळ्या रंगांचा ठेवला तर लाल दिसू लागताच कळते की थर संपत आला.

रंगात मिरचीपूड किंवा प्रतिजैविकांच्या गोळ्या कुटून घालण्याचे ‘नुस्खे’ अधूनमधून कानावर येतात. मिरची कालवणात शोभते. प्रतिजैविके खाडीत सोडण्याचे काम कृपया कोणी करू नये.

मे महिन्यात रंगवलेली यॉट सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत कोरडी राहिली तर रंग मरणार नाही का? हा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर रंगाच्या जातीवर आहे. हळूहळू झिजत जाणारा, स्वतःला घासून घेणारा रंग काही महिने सुका राहिला तरी चालतो. उतरवण्यापूर्वी पाणी मारून हलक्या हाताने पुसला की पुरे. कडक जातीचा रंग हवेत राहिला की वरचा पदर निकामी होतो, तो लवकर पाण्यात गेला पाहिजे. म्हणून पावसाळा बाहेर काढणाऱ्या बोटीला झिजणारा रंगच घ्यावा. डब्यावर ‘कमाल किती दिवसांत पाण्यात’ ही ओळ असते. ती वाचून मगच पैसे द्यावेत.

ट्रॉलरवाल्यांना मेचे शेवटचे पंधरा दिवस सोडा म्हणणे व्यवहाराला धरून नाही, हे कबूल. त्यांनी निदान बोट वर आल्या दिवशीच तळ धुवावा आणि मृग बरसण्याआधी मिळेल त्या चार-सहा दिवसांत प्रायमर व पहिला हात उरकावा. जुलैसाठी फक्त शेवटचा हात ठेवावा, तोही ताडपत्रीखाली. हवा रंगवण्याइतकी कोरडी आहे की नाही, हे तळावर ओले फडके फिरवून कळते. ओला डाग पंधरा मिनिटांत उडाला तर रंगवा, नाही उडाला तर डबा बंद करा. लाकडी होडीचे गणित मात्र निराळे. ती फार सुकवली तर फळ्यांच्या फटी उघडतात, तिला जाणत्या सुताराच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये.

आता पंखा. तळाच्या मानाने त्याचे क्षेत्रफळ हातभर, पण तोटा करायला तेवढे पुष्कळ. पंखा तांब्याच्या मिश्रधातूचा असतो, मग त्यावर वाढ कशी होते, असे अनेक जण विचारतात. उघडे तांबे पाण्यात थोडे थोडे विरघळते आणि जिवांना दूर ठेवते. पण शाफ्टवर (पंख्याच्या दांड्यावर) जस्ताचा ठोकळा बसवला की जस्त झिजते आणि पंख्याचे विरघळणे थांबते. त्याबरोबर त्याचे विषही थांबते. म्हणून जस्त काढून टाकायचे का? मुळीच नाही. जस्त नसेल तर मिश्रधातूतले जस्तच निघून जाते, पाते गुलाबी पडते, ठोकल्यावर टणत्कार न येता बद्द आवाज येतो आणि एक दिवस तुकडा निघतो. ठोकळा निम्मा झिजला की बदलावा, त्याखालचा शाफ्ट घासून चकचकीत करावा आणि ठोकळ्यावर चुकूनही रंग लावू नये. रंगवलेले जस्त हे नसलेल्या जस्तासारखेच.

पंख्यावरची कवचे लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढावीत. हातोडी-छिन्नी लावली की धारेला खाच पडते आणि थरथर सुरू होते. उरलेल्या चकत्यांना बाजारातले संडास धुण्याचे आम्ल ओतू नये, ते धातू खाते. लिंबाचे सत १०० ग्रॅम, पाणी एक लिटर. त्यात भिजवलेली फडकी पात्यांना गुंडाळून वरून प्लास्टिक बांधावे आणि तासाभराने धुवावे, चुना विरघळलेला असतो. मग १२०, २४० आणि ४०० नंबरचा पाण्याचा पेपर, याच क्रमाने. त्यावर पंख्यासाठीचा सिलिकॉन लेप बसवता आला तर उत्तम. त्याला वाढ घट्ट धरत नाही, पंखा फिरला की सुटते. अट एवढीच की पंखा फिरला पाहिजे. शिवाय हा लेप तेलाचे एक बोट लागले तरी सोलून येतो, तेव्हा थिनरने पुसल्यावर उघड्या हाताने पात्याला शिवू नये. खर्च झेपत नसेल तर पाती कोमट करून लॅनोलिनचा (लोकरीच्या मेणाचा) पातळ हात द्यावा. तो हंगामभर टिकत नाही, पण पंखा साफ करणे निम्म्याने सोपे होते. जाता जाता इंजिनाच्या पाण्याची जाळी आणि शाफ्टच्या रबरी बेअरिंगच्या पाण्याच्या वाटाही पाहाव्यात. तिथे चार बार्नेकल बसली तर इंजिन तापते किंवा बेअरिंग जळते.

हंगामात तीन-चार आठवड्यांनी पाण्यातच तळ पुसावा लागतो. झिजणाऱ्या रंगावर स्पंज किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा, ब्रश नको. घासताना रंगाचे ढग निघू लागले तर आपण वाढ नव्हे, रंग काढतो आहोत. खाली जाणाऱ्याने भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत, पाणी स्थिरावले असताना उतरावे. इंजिनाची किल्ली त्याच्याजवळ असावी आणि वर एक माणूस बसलेला असावा.

क्रेन न लावता बोट वाळूवर टेकवून साफ करायची असेल तर तिथी मोजावी. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्दशीला साडेदहाला भरती, पावणेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. दुपारभर उजेडात काम होते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भरती आणखी चढत असल्याने बोट सुटण्याची खात्री राहते. उधाण उतरू लागल्यावर, तृतीया-चतुर्थीला टेकवली तर पुढची भरती कमी उंचीची येते आणि बोट पंधरवडाभर तिथेच बसते.

हे सगळे करताना खरवड कुठे जाते, हा प्रश्न उरतो. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात बोटींच्या ट्रायब्युटिल टिनच्या (कथिलाच्या विषारी संयुगाच्या) रंगाने कालवांची कवचे बिघडली. त्या देशाने १९८२ मध्ये २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर तो रंग बंद केला, आणि जगभरातल्या बंदीचा करार १७ सप्टेंबर २००८ पासून लागू झाला. तांबे त्या मानाने सौम्य असले तरी विषच आहे. आपल्याकडे बोटी ज्या खाडीकाठी खरवडतात, तिथेच बायका ओहोटीला कालवे आणि तिसऱ्या काढतात. तळाखाली ताडपत्री अंथरून खरवड पोत्यात भरणे आजपासून प्रत्येकाला जमेल. महाराष्ट्र सागरी मंडळाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने मोठ्या बंदरांत बोट वर ओढण्याचा निदान एकेक उतार असा बांधावा, ज्याला गाळ बसवण्याची टाकी आणि वर पत्र्याचे छप्पर असेल. छपरामुळे जुलैतल्या रंगाचा प्रश्नही बराच सुटेल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. रोजच्या पंचांगाशेजारी आपण भरती-ओहोटीच्या वेळा छापता. त्यापुढे पाण्याची उंची मीटरमध्ये दिलीत, तर बोट कोणत्या दिवशी टेकवावी हे प्रत्येकाला अंकातच पाहता येईल.

आपले,
बोटदुरुस्तीच्या कामातले काही वाचक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी